शेवटची चाल

पत्त्यांच्या डावात एक क्षण असा येतो, की बाकी सगळे संपलेले असते. पाने वाटून झालेली असतात, बदलून झालेली असतात. दोघे सोडून बाकीचे खेळाडू आपापले पत्ते टाकून मोकळे झालेले असतात. मध्ये पैशांचा ढीग. समोरचा गडी शांतपणे आणखी एक रक्कम त्या ढिगात सरकवतो आणि मागे रेलून बसतो. आता बोलायचे ते आपण. तेवढीच रक्कम टाकून त्याला पत्ते उघडायला लावायचे, की आपले पत्ते पालथे टाकून उठायचे? हातातली पाने बरी आहेत. फार चांगली नाहीत आणि अगदी टाकाऊही नाहीत. त्याच्याकडे खरोखरच काही असेल तर आपण बुडालो. तो नुसती हूल देत असेल तर ढीग आपला.

दिवाळीच्या रात्री किंवा लग्नघरात जाग्रण करताना ज्यांनी तीन पत्ती खेळली आहे, त्यांना हा क्षण समजावून सांगायला नको. 'शो' मागायचा की 'पॅक' व्हायचे, एवढाच प्रश्न असतो. पण तेवढ्यात घसा कोरडा पडतो. अमेरिकेतल्या पोकरमध्ये पाने पाच, नियम निराळे. कोरडा पडणारा घसा मात्र तोच.

पिढ्यानपिढ्या माणसे या क्षणी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत आली. पापणी लवते का, बोटे थरथरतात का, आवाज बदलतो का. विसाव्या शतकात एका माणसाने चेहऱ्याकडे पाहणे सोडून दिले आणि कागद-पेन्सिल हातात घेतली. त्याचे नाव जॉन फॉन नॉयमन. आज घराघरांत असलेल्या संगणकाच्या मूळ आराखड्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. अणुबॉम्बशीही जोडलेले आहे. पण मला त्याचे आयुष्य नेहमी या शेवटच्या चालीच्या बाजूने पाहावेसे वाटते. ज्या प्रश्नाचे गणित त्याने मांडले, तो प्रश्न त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा येऊन उभा राहिला. आधी पत्त्यांच्या टेबलावर, मग जगाच्या नकाशावर आणि शेवटी हॉस्पिटलच्या खाटेवर.

बँकरच्या घरचा मुलगा

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमध्ये एका सुखवस्तू ज्यू घराण्यात तो जन्मला. हंगेरीत आडनाव आधी लावतात, म्हणून तिथे तो नॉयमन यानोश. घरात सगळे त्याला यान्ची म्हणत. तीन भावांत हा थोरला. वडील मिक्सा नॉयमन कायद्याचे पदवीधर आणि पेशाने बँकर. आईच्या वडिलांना मोठमोठे गुणाकार तोंडी करण्याची हातोटी होती, ती नातवात उतरली. सहा वर्षांचा असताना आठ आकडी संख्यांचे भागाकार तो मनातल्या मनात करत असे. टेलिफोन डिरेक्टरीचे एखादे पान नजरेखालून घालायचे आणि मग पाहुण्यांनी विचारलेले नाव-नंबर धडाधड सांगायचे, हा त्याचा घरगुती खेळ.

मला या बालपणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. मिक्सा नॉयमन बँकेतले प्रश्न घरी जेवणाच्या टेबलावर आणत. अमुक धंद्याला भांडवल का दिले, तमुकाला का नाही, यावर मुलांशी चर्चा चाले. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला याची किंमत कळते. कर्ज मागायला येणारा माणूस ताळेबंद दाखवतो. तो झाला उघडा पत्ता. त्याची नवी मोटार, कडक इस्त्रीचा कोट, दुसरी बँक द्यायला तयार आहे अशी सहज टाकलेली पुडी, ही झाली चाल. त्यातल्या काहींचा धंदा खरोखर जोरात असतो आणि काहींचा कोट तेवढा कडक असतो. टेबलाच्या अलीकडे बसलेल्याला ठरवायचे असते, की यातला हा कोण. नॉयमनच्या पोराने हा धडा सूपबरोबर गिळला होता.

१९१३ मध्ये वडिलांना सम्राट फ्रान्झ योझेफकडून सरदारकी मिळाली. जर्मन रीतीने नावात 'फॉन' आले ते त्यामुळे. पण सरदारकी टिकायचे दिवस नव्हते. पहिले महायुद्ध हरल्यावर १९१९ मध्ये हंगेरीत बेला कुनची कम्युनिस्ट राजवट आली. ती १३३ दिवस टिकली. तेवढ्यात नॉयमन कुटुंबाला घर सोडून ऑस्ट्रियात जावे लागले. यान्ची तेव्हा पंधरा वर्षांचा होता. घट्ट वाटणारे जग एका रात्रीत उलटते, ही गोष्ट त्याच्या मनात कायमची बसली. रशियाविषयीची भीती आणि चीडही तेव्हापासूनची.

पुढची गोष्ट मराठी घरांना ओळखीची वाटेल. मुलाला गणिताचा ध्यास. वडिलांचे म्हणणे, की गणितात पोट भरत नाही, इंजिनिअर हो. तडजोड अशी निघाली, की आधी बर्लिन आणि मग झुरिक इथे त्याने केमिकल इंजिनिअरिंग शिकायचे आणि त्याच वेळी बुडापेस्ट विद्यापीठात गणिताच्या डॉक्टरेटसाठीही नाव घालायचे. वर्गात न बसता परीक्षेपुरते त्याने बुडापेस्ट गाठले. १९२६ साली दोन्ही पदव्या त्याच्या हातात होत्या. वडिलांचा शब्द राखला आणि स्वतःचा हट्टही.

हूल देण्याचे शास्त्र

त्याच वर्षी, डिसेंबर १९२६ मध्ये, गटिंगेनच्या गणिती मंडळींपुढे त्याने एक निबंध सादर केला. १९२८ मध्ये तो छापून आला. विषय होता घरी-दारी खेळल्या जाणाऱ्या खेळांचा. त्याच्या आधी एमिल बोरेल या फ्रेंच गणितज्ञाने या प्रश्नाला हात घातला होता, पण नॉयमनने त्याची सिद्धता दिली.

पोकरच का आणि बुद्धिबळ का नाही? बुद्धिबळात सगळे डोळ्यांसमोर असते. पट उघडा, मोहरे उघडे. पुरेसा वेळ आणि पुरेसे डोके असेल तर प्रत्येक वेळी योग्य चाल कोणती हे निघू शकते. मग त्यात खेळ तो काय उरला, असे त्याचे म्हणणे. महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये टॅक्सीतून जाताना जेकब ब्रोनोव्हस्की या बुद्धिबळप्रेमी शास्त्रज्ञाला त्याने हेच पटवण्याचा प्रयत्न केला होता. खरे आयुष्य बुद्धिबळासारखे नसते. तिथे दुसऱ्याचे पत्ते झाकलेले असतात, आपलेही झाकलेले असतात. आणि माझ्याविषयी तो काय समजतो आहे, याचा मला अंदाज बांधावा लागतो.

ऑस्कर मॉर्गेनस्टर्न हा व्हिएन्नाचा अर्थशास्त्रज्ञ. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला तेव्हा तो अमेरिकेत होता आणि मग तिथेच राहिला. प्रिन्स्टनला नॉयमनशी त्याची गाठ पडली. दोघांनी मिळून खेळ आणि आर्थिक व्यवहार यांच्या सिद्धांतावर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोकर आणि ब्लफ यांना एक मोठा भाग दिला आहे. अर्थशास्त्राच्या ग्रंथात पत्त्यांचा जुगार! पण तोच त्या ग्रंथाचा जीव आहे.

त्यातली कल्पना आपण रुपयांत समजून घेऊ. ढिगात शंभर रुपये आहेत. समोरच्याने आणखी शंभर लावले. आता मध्ये दोनशे झाले आणि ते पाहण्यासाठी तुम्हाला शंभर टाकायचे आहेत. असा प्रसंग तीन वेळा आला असे धरा. दोनदा त्याचे पत्ते खरे निघाले, तर तुमचे दोनशे गेले. एकदा त्याची हूल निघाली, तर दोनशे आले. हिशेब बरोबर शून्यावर. म्हणजे तो तीनात एकापेक्षा जास्त वेळा हूल देत असेल तर शो मागावा. कमी वेळा देत असेल तर पत्ते टाकावेत. त्याने शंभराऐवजी पन्नासच लावले असते तर तुम्हाला पन्नास टाकून दीडशे मिळाले असते. मग चारात एकदा तो खोटा निघाला तरी तुमचे भागते.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, तुमची पाने फक्त हुलीलाच हरवू शकणारी असतील, तर ती थोडी बरी की थोडी वाईट याला काही अर्थ उरत नाही. गुलामाची जोडी असो की राणीची, प्रश्न तुमच्या पत्त्यांचा नसून त्याच्या सवयीचा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे, ढिगात आधी टाकलेले पैसे आता तुमचे नाहीत. इतके घातले, आता सोडायचे कसे, असे म्हणून शो मागणारा माणूस हटकून बुडतो. बुडत्या कारखान्याला, आधीचे कर्ज वसूल व्हावे म्हणून आणखी थोडे कर्ज द्यायचे की नाही, हा बँकेतला रोजचा प्रश्न. त्याचे उत्तर आधीच्या कर्जात नसते. नवे पैसे परत येतील का, एवढ्यातच असते.

आता पलीकडच्या खुर्चीत बसून पाहा. तुम्ही कधीच हूल दिली नाही, तर तुम्ही पैसे लावताच सगळे पत्ते टाकतील आणि तुमच्या हातातल्या एक्क्यांचे काही मोल राहणार नाही. तुम्ही सारखीच हूल दिलीत, तर प्रत्येक जण शो मागेल. नॉयमनच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा नमुना आहे. दोनच खेळाडू, एकच चाल. पहिल्याने एक तर ढिगाएवढी रक्कम लावायची किंवा काही न लावता पत्ते उघडायचे. समजा, पत्त्यांच्या दर्जाच्या एकावर एक अशा नऊ सारख्या पायऱ्या केल्या. उत्तर असे निघते, की पहिल्याने वरच्या दोन पायऱ्यांवर पैसे लावावेत आणि अगदी तळाच्या एका पायरीवरही लावावेत. मधल्या सहांवर गप्प बसावे. दुसऱ्याने वरच्या चार पायऱ्यांवर असेल तरच शो मागावा.

तळाच्याच पायरीवर हूल का? मध्यम पत्ते न बोलताही कधी कधी जिंकतात. त्यांना धोक्यात घालण्याची गरज नसते. तळाच्या पत्त्यांना जिंकण्याचा दुसरा मार्गच नसतो. दोन खऱ्यांमागे एक खोटे, हे प्रमाण राखले की समोरच्याला काहीही केले तरी फायदा काढता येत नाही. हूल म्हणजे स्वभावातली लबाडी किंवा छातीतले धाडस, असे तोवर सगळे समजत होते. नॉयमनने दाखवले, की ती चोख हिशेबाची गरज आहे. कधी कधी पकडले जाणे हासुद्धा त्या हिशेबाचाच भाग आहे. कारण पकडले गेल्यामुळेच पुढच्या खेपेला तुमच्या खऱ्या पत्त्यांवर कोणी तरी पैसे लावतो.

टेबलावरचा नॉयमन

असा माणूस पोकर कसा खेळत असेल? साधारणच. त्याला खेळायला आवडे, पण तो जिंकण्यासाठी प्रसिद्ध नव्हता. लॉस अलामॉसला अणुबॉम्बचे काम चालू असताना शास्त्रज्ञ मंडळी रात्री पोकर खेळत. निकोलस मेट्रोपोलिस या तरुण सहकाऱ्याने एकदा नॉयमनकडून दहा डॉलर जिंकले. त्यातल्या पाच डॉलरमध्ये त्याने नॉयमनचाच तो ग्रंथ विकत घेतला आणि उरलेली पाचाची नोट त्याच्या कव्हरच्या आत चिकटवून टाकली. विजयाची खूण म्हणून.

त्याच्या दुसऱ्या बायकोची, क्लाराची, ओळखही जुगाराच्या अड्ड्यावरच झाली. माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेट जिंकण्याची एक पद्धत आपण काढली आहे, असे तो सांगत होता. समोर आकडेमोडीचे कागद होते. थोड्याच वेळात त्याचे सगळे पैसे गेले आणि पिण्याचे बिल क्लाराला द्यावे लागले. तेव्हा दोघांचीही लग्ने दुसऱ्यांशी झालेली होती. १९३७ मध्ये त्याचा पहिला संसार मोडला आणि १९३८ मध्ये हे दोघे विवाहबद्ध झाले. पुढे क्लारा जगातल्या पहिल्या काही संगणक-प्रोग्रामरांपैकी एक झाली. अणुकणांची वाटचाल यदृच्छेने आकडे टाकून मोजण्याच्या ज्या पद्धतीवर तिने काम केले, त्या पद्धतीचे नावच माँटे कार्लो!

माणूस गमत्या होता. थ्री-पीस सूट अंगातून उतरत नसे. म्हणे ग्रँड कॅन्यनच्या दरीत खेचरावर बसून उतरतानाही तो सुटातच होता. घरी पार्ट्या, मोठमोठ्याने संगीत, चावट विनोदांचा साठा. मोटार इतकी वाईट चालवी, की प्रिन्स्टनच्या एका चौकाला लोकांनी त्याचे नाव दिले होते. पण याच माणसाने १९४५ मध्ये संगणकाच्या पोटात आज्ञा आणि माहिती एकत्र साठवण्याची रचना टिपणाच्या रूपात मांडली. त्यानुसार प्रिन्स्टनला यंत्र उभे केले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये चालू झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक त्याच यंत्राच्या धर्तीवर बांधलेला होता. म्हणजे त्या धाग्याचे एक टोक कुलाब्यापर्यंत आलेले आहे.

जगाच्या नकाशावर

नॉयमन १९३० मध्ये प्रिन्स्टनला आला आणि १९३३ मध्ये तिथल्या नव्या उच्च अध्ययन संस्थेत प्राध्यापक झाला. आइन्स्टाइनही त्याच संस्थेत. १९३७ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. महायुद्धात लॉस अलामॉसला, स्फोटकांच्या दाबाने प्लुटोनियमचा गोळा सर्व बाजूंनी सारखा कसा चेपायचा, या प्रश्नात त्याचे गणित निर्णायक ठरले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेला बॉम्ब त्या पद्धतीचा होता. कोणत्या शहरांवर बॉम्ब टाकायचा हे सुचवणाऱ्या समितीतही तो होता. त्याची पहिली पसंती क्योटोला होती. मंदिरांचे ते प्राचीन शहर युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी यादीतून काढायला लावले, म्हणून वाचले.

ऑगस्ट १९४९ मध्ये रशियानेही अणुचाचणी केली. आता टेबलाच्या दोन्ही बाजूंना पत्ते होते. नॉयमनची मांडणी पोकरच्या हिशेबासारखीच होती. युद्ध कधी तरी होणारच असेल, तर त्यांचा साठा वाढण्याआधी, आपले पत्ते वरचढ असताना झालेले बरे. रशियावर आधीच हल्ला करावा, असे म्हणणाऱ्यांपैकी तो एक होता. हायड्रोजन बॉम्बच्या आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या कामाला त्याने वाहून घेतले. १९५५ मध्ये तो अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा सदस्य झाला.

इथे मला त्या तीनात एकच्या हिशेबाकडे परत यावेसे वाटते. तो हिशेब खोटा नाही. पण त्यात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे: खेळाडू उद्याही टेबलावर बसणार आहे. आज शंभर गेले, उद्या दोनशे येतील. जो प्रसंग तीन वेळा येऊ शकतो, त्याचीच सरासरी काढता येते. बँकही अशीच चालते. शंभरातली काही कर्जे बुडणार हे धरूनच बाकीच्यांचे व्याज ठरते. पण जो डाव एकदाच खेळायचा आहे, ज्यात ढिगामध्ये रुपये नसून शहरे आहेत, तिथे सरासरी कशाची काढायची?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. द्यूतसभेत युधिष्ठिर हरला त्याची चर्चा करताना आपण शकुनीच्या फाशांना दोष देतो. पण फासे सरळ असते तरी द्रौपदीला पणाला लावणे बरोबर ठरले असते का? काही गोष्टी ढिगात टाकायच्याच नसतात. मग जिंकण्याची शक्यता कितीही का असेना. अमेरिकेच्या राज्यकर्त्यांनी हा सल्ला मानला नाही. ट्रूमन यांनी तो युद्धाचा डाव टाकला नाही, आयसेनहॉवर यांनीही टाकला नाही. ते काही नॉयमनपेक्षा मोठे गणिती नव्हते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या प्रश्नावर दोन्ही महासत्ता समोरासमोर आल्या, तेव्हाही दोघांनी एकमेकांना पत्ते न उघडता उठण्याची वाट ठेवली. तो प्रसंग पाहायला नॉयमन नव्हता.

हॉस्पिटलची खाट

१९५५ च्या उन्हाळ्यात त्याला कॅन्सर झाल्याचे निघाले. वय अवघे एक्कावन्न. रोग हाडांत पसरला होता. काही महिन्यांत तो चाकाच्या खुर्चीत आला. १९५६ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्याला स्वातंत्र्यपदक दिले, ते त्याने खुर्चीत बसूनच स्वीकारले. नंतरचे दिवस वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलमध्ये गेले. संरक्षणमंत्री आणि सैन्यदलांचे प्रमुख त्याच्या खाटेभोवती जमून सल्ला घेत. औषधाच्या गुंगीत तोंडून गुपिते जाऊ नयेत म्हणून विश्वासातली लष्करी माणसे सेवेला ठेवलेली होती.

पण रात्री हा माणूस भयंकर घाबरत असे. आपला मेंदू चालायचा थांबणार, ही कल्पना त्याला सहन होत नव्हती. पहिल्या लग्नाची मुलगी मरीना तेव्हा विशीत होती. पुढे ती नामवंत अर्थतज्ज्ञ झाली आणि १९७२ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळावर नेमलेली पहिली स्त्री ठरली. तिने त्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या आहेत. एकदा तिने वडिलांना सरळच विचारले, की लक्षावधी माणसे मरतील अशा युद्धाचा विचार तुम्ही शांत चित्ताने करू शकता, मग स्वतःच्या मरणाचा विचार का करू शकत नाही? ती गोष्ट अगदी निराळी आहे, एवढेच त्याचे उत्तर होते.

दुसऱ्या एका भेटीत त्याने तिला सांगितले, की माझी परीक्षा घे. सात अधिक चार किती, अशी गणिते मला घाल. लहानपणी आठ आकडी भागाकार तोंडी करणारा तो माणूस! मुलीने गणिते घातली, आणि मग खोलीबाहेर जाऊन ती रडली. एकीकडे ही अवस्था, तर दुसरीकडे असेही सांगतात, की भाऊ जर्मन भाषेतला 'फाउस्ट' वाचून दाखवी आणि पान उलटायला थांबला की पुढच्या ओळी हा आपणच पाठ म्हणे.

आणि मग त्याने कॅथलिक धर्मगुरूला बोलावणे धाडले. मित्र चकित झाले. पहिल्या लग्नाच्या वेळी त्याने बाप्तिस्मा घेतला होता खरा, पण तो नावापुरता. देवाधर्माशी त्याचे कधी देणेघेणे नव्हते. मुलीला मात्र यामागे पास्कालची पैज दिसली. ब्लेझ पास्काल हा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती. त्याने मांडले होते, की देव आहे असे मानले आणि तो नसला, तर नुकसान थोडे. आणि असला, तर लाभाला सीमा नाही. मग मानायला काय हरकत? म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. समोरच्याचे पत्ते झाकलेले, ढीग अनंत, आणि शो मागण्याची किंमत थोडीशी. नॉयमनच्या गणितानेही उत्तर हेच आले असते. फादर अॅन्सेल्म स्ट्रिटमॅटर हे धर्मगुरू त्याच्याकडे येत राहिले. पण त्याने त्याची भीती गेली नाही, असेच जवळच्यांनी सांगितले आहे. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी तो गेला. वय त्रेपन्न. प्रिन्स्टनच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला 'लिब्राटस' नावाच्या संगणक-प्रोग्रामने पोकरच्या चार निष्णात खेळाडूंना वीस दिवस खेळून हरवले. १ लाख २० हजार डाव झाले. तो प्रोग्राम चेहरा पाहत नव्हता. त्याला चेहरा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. नॉयमनने दाखवलेल्या वाटेनेच तो किती वेळा हूल द्यायची आणि किती वेळा शो मागायचा, याचे प्रमाण राखत होता. त्याचा घसा कोरडा पडत नव्हता, हे त्याचे बळ. पण त्याला हरण्याचे काही वाटतही नव्हते, कारण त्याचे असे त्या ढिगात काहीच नव्हते.

आपले तसे नसते. नोकरी सोडून धंद्यात पडावे का, मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी राहते घर गहाण टाकावे का, म्हाताऱ्या आईचे अवघड ऑपरेशन करावे का, असे प्रश्न घेऊन घराघरांत रात्री माणसे जागी असतात. नॉयमनचा हिशेब अशा वेळी जरूर करावा. गेलेले पैसे विसरावेत, मिळणार किती आणि जाणार किती ते कागदावर लिहावे, समोरच्याच्या नव्या मोटारीला भुलू नये. डाव उद्याही खेळता येणार असेल, तर त्या कागदावर विश्वास ठेवावा. पण डाव एकदाच खेळायचा असेल, तर पेन्सिल घेण्याआधी ढिगात काय काय पडले आहे, ते नीट पाहून घ्यावे. त्यातले काही उचलून घेता येण्यासारखे असेल, तर ते आधी उचलावे. लक्षावधींचे मरण आणि आपले मरण यांतला फरक जो त्याला खाटेवर पडल्यावर दिसला, तो टेबलावर बसलेले असतानाच दिसायला हवा.